लेन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: ठाणे-नवी मुंबईतले फोटोग्राफर कोणती लेन्स उचलतात आणि का

तलावपाळीला संध्याकाळी फिरणारे, सीवूड्सला पहाटे फ्लेमिंगोंच्या मागे लागलेले, लग्नाचा हंगाम करणारे, येऊरला फुलपाखरं शोधणारे अशा सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अडनिड्यापर्यंत. एक मुद्दा बहुतेक उत्तरांत डोकावेल. लोक लेन्स विकत घेतात ती शार्पनेस बघून, पण जीव जडतो तो ती लेन्स लावून जिथे उभं राहता येतं त्या जागेमुळे.

१. पहिली लेन्स घ्यायची आहे. जो तो ‘फिफ्टी घे’ म्हणतो. तिच्यात एवढं काय आहे?

उजेड. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स ५० एमएमला (एमएम म्हणजे फोकल लांबी: आकडा मोठा तितकी फ्रेम अरुंद आणि विषय मोठा) नेली की तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येण्याची खिडकी; एफ/ नंतरचा आकडा लहान तितकी ती मोठी). फिफ्टी, म्हणजे ५० एमएम एफ/१.८ लेन्स, त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. तलावपाळीला दिवे लागल्यावर किट लेन्सवर शटर १/१५ सेकंदाला येत असेल, तर त्याच आयएसओला (सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेला) फिफ्टीवर ते १/१२५ च्या आसपास मिळतं. १/१५ ला भेळवाल्याचा हात हलतो, १/१२५ ला थांबतो.

दुसरं कारण किंमत. फिफ्टीची रचना जुनी आणि सोपी आहे. बहुतेकींचं मूळ पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली झाइससाठी केलेल्या ‘प्लानार’मध्ये सापडतं. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंत साधारण ४४ ते ४६ मिमी अंतर असतं. ५० एमएम ही फोकल लांबी त्याहून जास्त असल्यामुळे आरशाला जागा करून देण्यासाठी जास्तीच्या काचा घालाव्या लागत नाहीत. कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ एसटीएममध्ये फक्त ६ काचा आहेत आणि वजन सुमारे १६० ग्रॅम. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून केलं, त्यामुळे रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना तिच्याबद्दल जरा जास्तच माया असते.

निकॉन घेणाऱ्यांनी एक सांभाळावं. जुनी ५० एमएम एफ/१.८ ‘डी’ स्वस्तात मिळते, पण डी३०००, डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकस मोटर नसते. तिथे ती ऑटोफोकस करणार नाही. ‘जी’ घ्या, तिची मोटर लेन्समध्येच असते.

२. फिफ्टी घेतली, पण घरात बारशाला निम्मे पाहुणे फ्रेमबाहेर जातात. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही, सेन्सर छोटा आहे. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरपेक्षा छोट्या सेन्सरवर) फिफ्टी कॅननमध्ये ८० एमएमसारखी आणि निकॉन, सोनी, फुजीमध्ये ७५ एमएमसारखी दिसते. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवून समोरच्यापासून तीन मीटरवर उभं राहिलात, तर आडव्या फ्रेममध्ये मिळणारी रुंदी साधारण अशी:

- ५० एमएम: १.४ मीटर (दोन माणसं, तिसऱ्याचा खांदा)
- ३५ एमएम: २ मीटर
- २४ एमएम: २.९ मीटर (पाळणा आणि भोवतीच्या सगळ्या आत्या-माम्या)

म्हणून फ्लॅटमधल्या कार्यक्रमांना क्रॉप बॉडीवर २४ किंवा ३५ एमएम बरी. कॅनन डीएसएलआरसाठी ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आणि निकॉनसाठी डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ या दोन अनेकांच्या बॉडीवर कायमच्या बसलेल्या दिसतात. फिफ्टी विकू नका. तिचं काम पुढच्या उत्तरात आहे.

३. पोर्ट्रेटला ८५ एमएमच का? फिफ्टीने जवळ जाऊन काढला तर काय बिघडतं?

नाक मोठं येतं. दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर पुढे असतं. तुम्ही अर्ध्या मीटरवर असाल, तर नाक कानांच्या मानाने २० टक्के मोठं उमटतं. दोन मीटरवरून तोच फरक ५ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपण ओळखतो तसा दिसतो. फुल-फ्रेमवर ८५ एमएम लावली की डोकं-खांद्यांच्या फ्रेमसाठी आपसूक दीड-दोन मीटर मागे सरकावं लागतं, आणि लोकांना ८५ आवडते ती यासाठी. क्रॉप सेन्सरवर हेच काम फिफ्टी करते. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो निक्कॉर १०५ एमएम एफ/२.५ वरचा आहे. तोही याच घराण्यातला.

उपवनला प्री-वेडिंग काढणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की एकाचे डोळे शार्प, दुसऱ्याचे नाहीत. ८५ एमएम, एफ/१.८, अंतर दोन मीटर, यावर फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम सहा सेंटीमीटर असते. दोघं पुढे-मागे उभे असतील तर एफ/४ करा, जाडी १३ सेंटीमीटरवर जाते. बॅकग्राउंड तरीही विरघळलेलं हवं असेल, तर जोडप्याला झाडापासून पाच-सहा मीटर पुढे आणा. झाडाला टेकवून उभं केलं तर एफ/१.८ सुद्धा फारसं काही करू शकत नाही.

४. एफ/१.८ ऐवजी एफ/१.४ घ्यावी का?

उजेडातला फरक दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). किमतीतला फरक अनेकदा दुपटीहून जास्त, वजनही तसंच. रोज अंधाऱ्या हॉलमध्ये पैसे कमावत नसाल तर नको. उरलेल्या पैशांत दुसरी प्राइम (झूम न होणारी लेन्स) येते.

५. लग्नाचे फोटोग्राफर २४-७० आणि ७०-२०० सोडून दुसरं काही का वापरत नाहीत?

कारण अंतरपाट दोनदा धरत नाहीत. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो आणि हार पडतात, त्या काही सेकंदांत लेन्स बदलायला वेळ नसतो. शिवाय मामा, करवल्या, व्हिडिओवाला आणि अक्षता टाकायला पुढे सरकलेली गर्दी यांच्यात तुमची जागा तुम्ही ठरवत नाही, ती तुम्हाला मिळते. झूम म्हणजे मिळालेल्या जागेवरून काम भागवण्याची सोय. दोन बॉडी, एकीवर २४-७० एफ/२.८, दुसरीवर ७०-२०० एफ/२.८ अशी जोडी त्यातून रुळली. पहिली स्टेजच्या कडेला, दुसरी समोरच्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेत.

नेहमी बिघडतं ते असं:

- एफ/२.८ वर ग्रुप फोटो काढला की मागची रांग मऊ येते. दोन रांगांना एफ/५.६, तीन रांगांना एफ/८. फोकस पुढच्या रांगेवर ठेवा आणि तीन रांगा असल्या तर मधल्या रांगेवर.
- हवेतल्या अक्षता दाण्यादाण्याने दिसायला १/५०० लागतं. १/१२५ ला पांढऱ्या रेघा येतात.
- मागे एलईडी वॉल असेल तर आडवे पट्टे उमटतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्या, १/१०० किंवा १/५० वर या, आणि एक फोटो मोठा करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साध्या दिव्यांना हे आकडे जुळतात. एलईडी वॉलची स्वतःची लय असते, तिथे एखादा टप्पा इकडेतिकडे करून बघावा लागतो.

बजेट कमी असेल तर टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ जी२ बघा. सोनीसाठी येते ती ५४० ग्रॅमची आहे. आठ तासांनंतर मनगटाला हा हलकेपणा कळतो. २४ आणि २८ मधला फरक मात्र छोट्या खोलीत जाणवतो. वधूच्या खोलीत, जिथे आरसा, पलंग आणि सहा मैत्रिणी असतात, तिथे २४ च हवी.

६. घाणेकर किंवा भावे नाट्यगृहात नाटकाचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स?

आधी निर्मात्यांची परवानगी, मग लेन्स. फुल-फ्रेमवर २०० एमएम, उभी फ्रेम आणि दहा मीटर अंतर असेल, तर १.८ मीटर उंची मावते, म्हणजे उभा नट पायापासून डोक्यापर्यंत. त्यामुळे पुढच्या काही रांगांतून ७०-२०० एफ/२.८ पुरते. सुरुवात मॅन्युअलवर एफ/२.८, १/२००, आयएसओ ३२०० ने करा. ऑटोवर सोडलंत तर मागचा काळा पडदा मीटरला फसवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. फोकससाठी पेटणारा लाल-नारिंगी दिवा मेन्यूतून बंद करा, मागची स्क्रीन झाका. शटरच्या आवाजापायी सायलेंट मोड लावाल तर पट्ट्यांसाठी प्रश्न ५ पाहा.

७. फ्लेमिंगोंसाठी ३०० एमएम पुरेल, की ६०० घ्यावीच लागेल?

ते भरतीवर अवलंबून आहे. ओहोटीला ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर पसरून चरतात. पाणी चढू लागलं की चिखल बुडतो आणि थवे उरलेल्या उथळ जागांकडे, सीवूड्स-नेरूळच्या टीएस चाणक्य आणि डीपीएस तलावासारख्या पाणथळींकडे सरकतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीही भरतीच्या वेळा पाहूनच सुटतात. लेन्सआधी भरतीचं कोष्टक बघा, ते फुकट आहे.

आता अंतराचा हिशेब. क्रॉप बॉडीवर ४०० एमएम लावून पक्षी ५० मीटरवर असेल, तर फ्रेमची रुंदी साधारण ३ मीटर येते. छोटा फ्लेमिंगो (लेसर) ८०-९० सेंटीमीटर उंचीचा, मोठा (ग्रेटर) सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे फ्रेममध्ये तो ऐसपैस दिसतो. १०० मीटरवर फ्रेम ६ मीटर होते आणि एकटा पक्षी हरवतो. तिथे ६०० लागते, नाहीतर एकट्या पक्ष्याचा नाद सोडून थव्याचा फोटो काढावा. आमच्या मते ३०० एमएमवर उडता थवा आणि मागे पाम बीचच्या इमारती हा फोटो चोचीच्या क्लोजअपपेक्षा जास्त आपल्या गावचा असतो.

पसंतीच्या लेन्स आणि त्यामागची कारणं:

- सिग्मा किंवा टॅमरॉन १५०-६००: पोहोच आणि किंमत यांचा मेळ. सुमारे दोन किलो. बांधावर मोनोपॉडसह उत्तम.
- निकॉन २००-५०० एफ/५.६: शेवटपर्यंत एफ/५.६ टिकतं, म्हणून निकॉनवाले सोडत नाहीत. २.३ किलो.
- सोनी २००-६००: झूम करताना लेन्स लांब होत नाही, त्यामुळे तोल ढळत नाही.
- कॅनन आरएफ १००-४०० एफ/५.६-८: फक्त ६३५ ग्रॅम. उजेड कमी घेते, पण हातात धरून बोटीत तासभर सहज निघतो.

बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट लेन्समध्ये जाते. हातात धरा, कोपर छातीला टेकवा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) चालू. उभ्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००. मागे काळा चिखल असेल तर एक्स्पोजर उणे १/३ ते २/३ करा, नाहीतर पिसांचा फिका गुलाबी पांढरा होऊन जातो. पांढुरक्या आभाळासमोर उडत असतील तर उलट, अधिक २/३.

उन्हं चढल्यावर फोटो मऊ यायला लागले तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि ६०० एमएम ती थरथरही मोठी करून दाखवते. सकाळी लवकर जा किंवा पक्षी जवळ येऊ द्या. दुसरा उपाय नाही.

८. ६०० ऐवजी ३०० वर दोनपट कन्व्हर्टर लावला तर?

कन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, चित्र मोठं करणारी काच. दोनपट कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, १.४ पट एक. ७०-३०० एफ/४.५-५.६ लेन्सवर दोनपट म्हणजे एफ/११. बहुतेक डीएसएलआर एफ/५.६ नंतर, काही एफ/८ नंतर ऑटोफोकस सोडून देतात. शिवाय स्वस्त झूमच्या मागे बऱ्याच कंपन्यांचा कन्व्हर्टर बसतच नाही, काचेला काच लागते. ७०-२०० एफ/२.८ वर १.४ पट छान चालतो. बाकीच्यांनी फोटो कापून घ्यावा.

९. ओवळेकर वाडीत, येऊरला फुलपाखरांसाठी मॅक्रो कितीची घ्यावी: ६० की १००?

१००, किंवा तिच्या जवळपासची ९०-१०५. एकास-एक मोजमापात (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) १०० एमएम मॅक्रोच्या तोंडापासून विषयापर्यंत साधारण १४-१५ सेंटीमीटर जागा उरते, ६० एमएमला त्याहून बरीच कमी. एवढ्या जवळ गेलात की फुलपाखरू उडतं आणि तुमचीच सावली फुलावर पडते.

खरं तर अख्ख्या फुलपाखराला एकास-एक लागतच नाही. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन पंख पसरून १२ ते १५ सेंटीमीटर भरतं. ते ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर मावायला पाव पट मोजमाप पुरे. म्हणून जवळ फोकस होणारी टेलेझूमही चालते. प्रश्न ७ मधली आरएफ १००-४०० तर ०.४१ पटीपर्यंत जाते, तीही पाऊण मीटरहून जास्त अंतर राखून. एकास-एक लागतं ते अंडी, मुंग्या, उडीच्या कोळ्यांचे डोळे यांना. तेवढ्यापुरती रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लिपने अडकवायची काच ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सवर बसते.

मिटलेले पंख सेन्सरला समांतर ठेवा, एफ/८ पुरतं. तिरके पकडलेत तर एफ/१६ लाही एक टोक सुटतं. आणि झूमवर नुसतं ‘मॅक्रो’ लिहिलंय म्हणून भुलू नका. ७०-३०० वरचं ‘मॅक्रो’ बहुधा अर्ध्या पटीपर्यंतच जातं.

१०. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कपाटात डांबरगोळ्या, तांदूळ ठेवू का?

दोन्ही नको. डांबरगोळ्यांची वाफ काचेवर आणि रबरावर बसते. तांदूळ ओलावा धरून ठेवत नाही, वर त्याचं पीठ झूमच्या रिंगमध्ये शिरतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६०-६५ च्या पुढे बुरशीला रान मोकळं मिळतं. स्वस्त व्यवस्था अशी:

१. रबरी कडा असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा.
२. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत.
३. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं.
४. निळे दाणे गुलाबी झाले (किंवा नारिंगी हिरवे) की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यामुळे ते ताट पुन्हा खाण्यासाठी वापरू नका.

चामड्याचे डबे आणि फोमच्या बॅगा ओल धरतात. बॅग फक्त प्रवासाला. चार-पाच लेन्स झाल्या की सरळ विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या.

एसी गाडीतून बाहेर पडल्यावर काचेवर धुकं धरतं, ते वेगळं प्रकरण. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर आणा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. फडक्याने पुसत बसलात तर धुकं पुन्हा धरतं, आणि लेन्स काढलीत तर सेन्सरवरही.

११. बुरशी आधीच लागली आहे. लेन्स गेली का?

मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारून दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, मोकळे ठिपके म्हणजे बहुधा धूळ. धुळीने फोटो बिघडत नाही. दोन-चार धाग्यांनीही शार्पनेस फारसा उतरत नाही, पण उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो दुधाळ येतो. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. लवकर उघडून साफ केली तर सुटते. उशीर झाला तर बुरशीचं आम्ल कोटिंग खातं, आणि साफ केल्यावरही धाग्यांचे ठसे राहतात. फिफ्टीच्या सफाईला नव्या फिफ्टीच्या निम्मे पैसे सांगत असतील तर नवी घ्या.

१२. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुनी लेन्स बघायला जाणार आहे. काय तपासू?

आपली बॉडी, रिकामं कार्ड आणि टॉर्च न्या. दुकानात या क्रमाने:

- टॉर्चने बुरशी (प्रश्न ११).
- जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चकाकतंय का. तेलकट पाती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात.
- झूम खाली तोंड करून धरा. आपोआप घसरली तर झीज आहे, किमतीत घासाघीस करा.
- भिंतीवरच्या छापील कॅलेंडरचा समोरून सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर फोटो. चारही कोपरे सारखे हवेत. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स बहुधा पडलेली आहे, घेऊ नका.
- फोकस जवळून अनंतापर्यंत दहा वेळा. कुरकुर, अडखळणं ऐका.
- स्टॅबिलायझेशन चालू करून व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडतंय का बघा.

नव्या लेन्सवरही बिल आणि भारतातल्या कंपनीचं वॉरंटी कार्ड मागा. ‘दुकानाची वॉरंटी’ म्हणत असतील तर माल बहुधा बाहेरून आलेला आहे, भाव त्या हिशेबाने द्या.

१३. मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला. जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर चालतील ना?

चालतात, पण दोन अपवाद आहेत. क्रॉप सेन्सरसाठी बनलेली कॅनन ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम आर बॉडीवर बसते, पण कॅमेरा आपोआप कापून घेतो आणि ४५ मेगापिक्सेलच्या आर५ वर साधारण १७ उरतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकस मोटर नाही, म्हणून ‘डी’ लेन्सवर (प्रश्न १) हातानेच फोकस करावा लागतो. डीएसएलआरवर अ‍ॅडॉप्टर लावणार असाल, तर कॅननची लेन्स निकॉन डीएसएलआरवर नीट बसवता येत नाही. माउंटपासून सेन्सरचं अंतर कॅननमध्ये ४४, निकॉनमध्ये ४६.५ मिमी, त्यामुळे दूरवर फोकस जातच नाही. उलट दिशेने, निकॉनची लेन्स कॅननवर, जमतं.

१४. हेलिओसच्या गरगरत्या बॅकग्राउंडवर जीव जडलाय. माझ्या निकॉनवर लागेल का?

हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२, ही सोव्हिएत बनावटीची एम४२ आट्यांची लेन्स आहे. तिला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉन डीएसएलआरवर ती मिलिमीटरभर पुढे बसते आणि दोन-तीन मीटरपलीकडे फोकस जात नाही. मध्ये काच असलेले अ‍ॅडॉप्टर हे सोडवतात, पण शार्पनेस घालवतात. कॅनन डीएसएलआर किंवा कोणताही मिररलेस असेल तर साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. मिररलेसच्या मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होणार नाही.

गरगर हवी असेल तर फुल-फ्रेम, एफ/२, माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे उन्हाने चमकणारी पानं आठ-दहा मीटरवर. क्रॉप सेन्सर नेमक्या त्या कडा कापतो जिथे गरगर असते. निकॉन डीएसएलआर ठेवायचीच असेल, तर चेहऱ्यांपुरती वापरा. दोन मीटरच्या आत ती फोकस करते आणि पोर्ट्रेटला एवढं पुरतं.